सातवीच्या वर्गातल्या मरळी

आमच्या शाळेला जिल्हा पातळीवरचं एक प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं, दोन थोर पुरुषांच्या तसबिरींच्या मधोमध ते टांगलंय. 'स्थानिक जलचर संवर्धन उपक्रमात उल्लेखनीय कार्य' असं त्यावर छापलंय आणि खाली मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझं नाव आहे. खोलीत कुणी नवा माणूस आला की मुख्याध्यापक आधी त्या कागदाकडं बोट दाखवतात, मग माझ्याकडं. मी हसतो. गेली दोन वर्षं हसतोय. मला पुष्कळ गोष्टींची शिसारी आहे, पण त्या माझ्याच हसण्याइतकी दुसऱ्या कशाचीही नाही.

शाळा तेरणेच्या काठावर आहे. पहिली ते सातवी, पत्र्याच्या पाच खोल्या, पुढं मैदान, मागं नदी. नदी म्हणजे पावसाळ्यात वाहणारं पाणी आणि एरवी एक डोह. त्या डोहावर गावाच्या पाणी उपसायच्या मोटारी बसलेल्या. मी सातवीला विज्ञान शिकवतो. शिवाय तालुक्यात कुठंही कार्यक्रम असला की सूत्रसंचालनाला मलाच बोलावतात. आवाज बरा आहे, चारोळ्या पाठ आहेत, आणि पाहुणा उशिरा आला तरी तासभर लोकांना धरून ठेवता येतं. या शेवटच्या गुणाचा मला फार अभिमान होता.

उपक्रमाचं पत्र जुलैत आलं. आमच्या खात्यात पत्र येत नाही, ते ग्रुपवर पडतं. शक्यतो रविवारी, दुपारी जेवायच्या वेळेला, आणि त्यावर 'तात्काळ' लिहिलेलं असतं. प्रत्येक शाळेनं वर्गात टाकी ठेवायची, आपल्या नदीतले मूळचे जलचर लहानाचे मोठे करायचे आणि मग समारंभपूर्वक नदीत सोडायचे. मुलांना निसर्गाची गोडी लागावी हा हेतू. हेतूबद्दल माझी तक्रार नव्हती, अजूनही नाही. तक्रार आहे ती 'समारंभपूर्वक' या एका शब्दाबद्दल, आणि तेव्हा नेमका तोच शब्द मला आवडला होता.

पत्राबरोबर मार्गदर्शिका होती. तिच्या मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर, त्याखाली फेसाळ नदी आणि नदीत एक गुलाबी मासा. कुठल्या तरी थंड देशातली पुस्तिका कुणीतरी मराठीत करून टाकली होती. पाणी सतत गार ठेवावं, त्यासाठी यंत्र बसवावं, असं तिसऱ्या पानावर होतं. आमच्या पत्र्याखाली मार्चमध्ये खडू हातात गरम लागतो. मग ऑनलाइन प्रशिक्षण झालं. परांड्याकडच्या एका गुरुजींनी विचारलं, "आमच्याकडं नदी दोन महिने असते, उरलेले दहा महिने मासे कुठं सोडायचे?" प्रशिक्षकांनी त्यांचा आवाज बंद केला आणि प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ म्हणाले. शेवटी सर्वांनी हात वर करून फोटो काढला.

आमचे मुख्याध्यापक कामाला वाघ. पत्र पडल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी काचेची टाकी आणली आणि तिच्यात दोन नारिंगी शोभेचे मासे सोडले.

"सर, नदीतले पाहिजे होते," मी म्हटलं.

"धाराशिवातनंच आणलेत की. पुण्याहून थोडंच आणलेत?" ते म्हणाले. "आन् रंग बघा. फोटोत उठून दिसतील."

फोटोत ते उठून दिसले. ग्रुपवर चाळीस अंगठे पडले. चौथ्या दिवशी दोन्ही मासे मेले, कारण पहिलीपासून सातवीपर्यंतच्या प्रत्येक पोरानं आपापल्या डब्यातली चपाती त्यांना चारली होती. पाणी पिठल्यासारखं झालं होतं. टाकी रिकामी करून कोपऱ्यात ठेवली आणि मला वाटलं, सुटलो.

ऑगस्टच्या मध्याला एका सकाळी परिपाठ चालू असताना एक म्हातारा घागर घेऊन शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. गाव त्यांना मामा म्हणतं. भोई समाजातले, डोहात जाळं टाकणारे आता ते एकटेच उरलेले. इतकी वर्षं शाळेमागं त्यांचं जाळं वाळत पडायचं, पण शाळेच्या आवारात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चपला त्यांनी फाटकाबाहेर काढल्या होत्या.

"गुरुजी, तुमच्याकडं काचंची टाकी हाय म्हनं," ते म्हणाले. "ही तेवढी ठिवता का?"

घागरीत तांबूस रंगाची, बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. शंभरेक तरी असतील. सगळी पाण्याच्या वरच्या थराला गोळा करून वळवळत होती.

मरळीची पिल्लं. मामांनी व्हरांड्यात उकिडवं बसून सगळं सांगितलं. मरळीचा जोडा आपल्या पिल्लांच्या गोळ्याखाली राखण करत फिरतो. नर-मादी दोघंही, कुणी जवळ आलं की अंगावर धावून जातात. त्यामुळं त्या दिवसांत त्यांना धरणं अगदी सोपं असतं. पण जाळ्यावर पोट असलेल्या त्यांच्या घरात पिल्लांवरच्या जोड्याला कुणी हात लावत नाही.

"माज्या बापानं न्हाय लावला, म्या न्हाय लावला," मामा म्हणाले. "काल कुनी तरी मोटरीची वायर पान्यात सोडली. करंट दिला. जोडा वर आला पांढरा होऊन. घिऊन गेले. ही पोरं र्‍हायली तशीच. आता ते भायेरचे चिलापी मासे एका दिसात फस्त करतीन हेंला."

"डोहात दुसऱ्या मरळी असतील की," मी म्हटलं.

"न्हायत. दोन साल झालं, ह्योच एक जोडा व्हता. म्या रोज बघतो ना." त्यांनी घागरीत बोट बुडवलं. "ह्या डोहाची मरळ म्हंजी आता एवढीच. वीतभर झाली की आनून सोडा. मग कुनाच्या बापाला भीत न्हायत त्या. सोडचाल ना?"

मी शब्द दिला. मुलांच्या समोर, परिपाठाच्या रांगेसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात दिला. आवाज हेच माझं भांडवल.

त्यानंतरचे चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि हे मी उपरोधानं म्हणत नाही. मामा दर बाजारच्या दिवशी यायचे, टाकीसमोर बसायचे आणि सातवीला शिकवायचे. मी बाजूला उभा राहून ऐकायचो. मरळ चपाती खात नाही, तिला जिवंत लागतं. मग मुलं घरोघरच्या बॅरलमधून, रांजणातून डासांच्या अळ्या गाळून आणायला लागली. आशाताई घरभेटीला निघाल्या की त्यांच्या आधीच सातवीचं एखादं पोर गाळणी घेऊन पुढं गेलेलं असायचं. आयुष्यात पहिल्यांदा गावात डास कमी झाले, आणि कुठल्याही अहवालात ते आलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

मामांनी सगळ्यात आधी शिकवलं ते पाण्याच्या पातळीचं. मुख्याध्यापकांनी टाकी काठोकाठ भरायला लावली होती आणि वर काच झाकली होती. मामांनी काच काढली, दोन वीत पाणी उपसलं आणि तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधायला सांगितला.

"हिला वरचा श्वास लागतो," ते म्हणाले. "बाकीचे मासे पान्यातलाच घितेत. ही घटकंघटकंला वर यिऊन तोंड उघडती. वर जागा न्हाय ठिवली, तोंड दाबलं, तर पान्यातच गुदमरून मरंल."

"मासा पाण्यात बुडून मरेल?" वर्गातल्या एका मुलीनं विचारलं.

"व्हय. बुडून."

ही मुलगी आमच्या निरीक्षण वहीची मालकीण होती. मी वहीची पानं क्रमांक घालून शिवून घेतली होती आणि पहिल्या पानावर नियम लिहिला होता: जे दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. तिनं तो नियम मनावर घेतला. मनावर घेणारी मुलं वर्गात एखाददुसरीच असतात आणि ती फार अडचणीची असतात. मरळ किती मिनिटांनी वर येते हे ती भिंतीवरच्या घड्याळावर मोजायची. मधल्या सुट्टीत डबा टाकीसमोर खायची. मी रोज वही तपासायचो, म्हणजे खाली लाल पेनानं सही करायचो.

शंभराच्या चौदा झाल्या. काही मेल्या, बऱ्याचशा मोठ्यांनी खाल्ल्या. मुलांना याचा धक्का बसला. मुख्याध्यापकांना जास्त बसला, कारण त्यांनी वर शंभर कळवल्या होत्या. उरलेल्या चौदांना मुलांनी हजेरी क्रमांक दिले. एक ते चौदा. सकाळी मुलांची हजेरी झाली की माशांची व्हायची. एकदा सोमवारी नऊ नंबर टाकीत नव्हती. मच्छरदाणीची गाठ सुटली होती. शेवटी ती कपाटाखाली ओल्या पोत्यात सापडली, शनिवारपासून तिथंच असावी, आणि जिवंत. त्या दिवशी मामांच्या बोलण्याचा पुरावाच मिळाला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मरळ हवेतला श्वास घेते. तारीख घातली, चौकट काढली. ते वाक्य दोन महिने फळ्याच्या कोपऱ्यात होतं. 'पुसू नये' असंही मीच लिहिलं होतं.

दिवाळीनंतर त्या वीतभर झाल्या. मामा म्हणाले, आता सोडा. डोहात पाणी होतं, मोटारी अजून जोरात चालू झाल्या नव्हत्या. वहीवाली मुलगी म्हणाली, "सर, आपणच सोडून येऊ की. मागंच तर आहे नदी." खरंच शाळेच्या मागच्या भिंतीपासून डोह तीनशे पावलांवर आहे. दोन बादल्या आणि अर्धा तास, एवढंच काम होतं.

पण पत्रात 'समारंभपूर्वक' होतं. समारंभ म्हणजे साहेब आणि साहेब म्हणजे तारीख. पहिली तारीख मिळाली, रद्द झाली. दुसरी मिळाली, बैठक निघाली. मामा दर आठवड्याला येऊन विचारायचे, "गुरुजी, कवा?" आणि मी म्हणायचो, "साहेबांची तारीख येऊ द्या, मामा." हे मी अशा सुरात म्हणायचो की जणू तारीख ही पावसासारखी वरून पडते आणि आपण फक्त वाट बघायची. खरं सांगायचं तर मलाही समारंभ हवा होता. माझी आदर्श शिक्षकाची फाइल तयार होत होती. तिच्यात एका चांगल्या छायाचित्राची जागा मोकळी होती.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तारीख पक्की झाली. डोहाच्या काठावर मंडप पडला. लेझीम बसवलं, स्वागतगीत बसवलं, सातवीच्या दोन मुलांना माशांचे पुठ्ठ्याचे मुखवटे घातले. मुख्याध्यापकांनी बॅनर केला: 'जलचर मुक्ती सोहळा'. मुक्ती कुणाची हे त्यावर नव्हतं; मोठा फोटो मात्र साहेबांचा होता. माशाचा लहान फोटो कोपऱ्यात होता आणि तो मार्गदर्शिकेतला गुलाबी मासा होता.

सकाळी नऊला मी आणि मुलांनी चौदा मरळी पोषण आहाराच्या स्टीलच्या पिंपात हलवल्या. पिंप अर्ध्याहून थोडं जास्त भरलं, तोंडावर मच्छरदाणी बांधली, मंडपात मधोमध टेबलावर ठेवलं. मामा तिथं होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. मग ते काठाला जाऊन मंडपाकडं पाठ करून पाण्याजवळ बसले, कारण मंडपात खुर्च्यांवर नावं चिकटवली होती आणि त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, एवढंच पाणी राहू द्या. वरून झाकू नका." ते फोनवर होते. त्यांनी हात वर केला. मी तो होकार धरला.

दहाचा कार्यक्रम. पावणेदहाला मी माइक तपासत होतो तेव्हा मुख्याध्यापकांची नजर पिंपाकडं गेली. आमच्याकडं शुभकार्यात अर्धवट भांडं ठेवत नाहीत. कलश काठोकाठ पाहिजे, तोंडावर खण पाहिजे, वर नारळ पाहिजे. मुख्याध्यापकांनी दोन घागरी पाणी आणवून पिंप गळ्यापर्यंत भरलं. मच्छरदाणी अपशकुनी दिसते म्हणून सोडली. तिच्या जागी हिरवा खण ताणून बसवला, पिंपाच्या गळ्याभोवती लाल नाड्याचे चार वेढे घट्ट आवळले, वर विड्याची पानं आणि नारळ ठेवला. साहेबांनी नाडा कापायचा, खण दूर करायचा, टाळ्या, मग माशांना मुक्ती. खण लगेच भिजून पाण्याला चिकटला.

हे सगळं मी पाहिलं. लोक नंतर माझी बाजू घेऊन म्हणाले की गुरुजी गडबडीत होते, त्यांच्या लक्षात आलं नसेल. लक्षात आलं होतं. फळ्यावरचं वाक्य माझंच होतं. मी मुख्याध्यापकांना हाकही मारली. ते म्हणाले, "साहेब निघालेत, पाच मिंटात पोचतेत. आता ह्ये सोडायचं, परत बांधायचं, बरं दिसतं का? पाच मिंटानी काय हुतंय?" आणि मी हिशेब केला की पाच मिनिटांनी खरंच काही होत नाही. आमच्या जिल्ह्यात तीस वर्षं कार्यक्रम पाहिलेल्या माणसानं साहेबांच्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवला. अशा माणसाला विज्ञान शिकवायला ठेवलंय.

दहा वाजले. साडेदहा वाजले. साहेब वाटेत एका ठिकाणी चहाला थांबले होते. मी चारोळ्या म्हटल्या, नदीवर दोन कविता म्हटल्या, पाण्याचं महत्त्व सांगितलं. गावकऱ्यांना हसवलं. लेझीम पुन्हा एकदा घेतलं. ऊन चढलं. त्या दिवशी मी फार चांगला बोललो. नंतर दोघातिघांनी तसं मुद्दाम येऊन सांगितलंही.

अकराच्या सुमाराला वहीवाली मुलगी रांगेतून उठून माझ्याकडं आली. तिच्या हातात वही होती. तिनं माझी बाही ओढली. मी माइकवर हात ठेवला आणि डोळे वटारले.

"सर, त्या वर येतेत. खणाला धडका देतेत."

"साहेब आलेच आता," मी म्हटलं. "जा."

ती गेली. मी पिंपाकडं पाहिलं. हिरवा खण जागोजाग आतून उचलला जात होता, नारळ हलत होता. पुढच्या रांगेतली लहान मुलं त्याला हसत होती. मीही त्यावर माइकवरून एक विनोद केला, की आमचे मासे नदीला भेटायला इतके उतावीळ झालेत की साहेबांनाही वाट बघायला तयार नाहीत. हशा झाला.

साडेअकराला ती पुन्हा आली. या वेळी बाही ओढली नाही, समोर उभी राहिली.

"सर, खण हलायचा थांबला."

तेवढ्यात फाट्यावर गाडीचा आवाज झाला आणि सगळा मंडप उठून तिकडं बघायला लागला. मी तिला म्हटलं, "जागेवर बस."

ती दुधाची गाडी होती. साहेब साडेबाराला आले.

औक्षण झालं, शाल झाली, श्रीफळ झालं, प्रास्ताविक झालं. साहेबांनी नाडा कापला, खण दूर केला, आत न बघता कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग साहेब आणि मुख्याध्यापक दोघांनी मिळून पिंप काठावर नेलं आणि तिरकं केलं. मी माइकवर बोलत होतो. लेकी माहेरी निघाल्या, असं काहीतरी. पाणी धो धो गेलं आणि त्याबरोबर मरळी गेल्या, पांढरी पोटं वर करून. टाळ्या पडल्या. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

"दमलेत," मुख्याध्यापक साहेबांना म्हणाले. "प्रवास झालाय ना."

तीनशे पावलांचा प्रवास.

मामा एव्हाना गुडघाभर पाण्यात होते. ते एकेक मरळ हातात घेत होते, तिचं डोकं पाण्याबाहेर धरत होते, पोटावरून अंगठा फिरवत होते, आणि मग बाजूच्या दगडावर ठेवत होते. एका मरळीनं तोंड उघडलं. मामांनी तिला कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. मग तिनं एकदम अंग वळवलं आणि ती गेली. छायाचित्रकारानं नेमकं तेवढं टिपलं. तो फोटो सुंदर आलाय. 'आणि ते मुक्त झाले' या ओळीखाली तो वर्तमानपत्रात छापून आला.

साहेबांची गाडी गेल्यावर मी खाली उतरलो. दगडावर तेरा होत्या.

"एक तरी गेली, मामा," मी म्हटलं. असं काहीतरी बोलण्याची मला सवय आहे.

मामांनी हात धुतले. "एकटीनं काय करावं, गुरुजी? जोडा लागतो," ते म्हणाले. धोतराचा सोगा सोडत म्हणाले, "तुमाला म्या सांगितलं व्हतं. दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाय, तुमालाच सांगितलं व्हतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी तेरा मरळी धोतराच्या सोग्यात घेतल्या आणि निघून गेले. त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, नदीकाठी पुरल्या, असं नंतर मुलांनी सांगितलं. तेव्हापासून ते शाळेत आले नाहीत. रस्त्यात भेटले की "राम राम, गुरुजी" म्हणतात आणि पुढं जातात. डोहात चिलापी मुबलक आहे.

जानेवारीत उपक्रमाच्या फाइली मागवल्या. मुख्याध्यापकांनी आमची फाइल तयार केली: संगोपन केलेले जलचर, मुक्त केलेले जलचर, दोन्ही रकान्यांत चौदा. सोबत निरीक्षण वही जोडायची होती. त्यांनी ती चाळली आणि एका पानाशी थांबले. मग वही माझ्यासमोर उघडी ठेवली.

"हे पान काढा."

पान काढता येत नव्हतं. पानांना क्रमांक होते, वही शिवलेली होती. माझीच शिस्त.

"मग फोटो चिकटवा वर," ते म्हणाले.

मी चिकटवला. कुणा पोराला सांगितलं नाही, शिपायाला सांगितलं नाही. स्वतः डिंक लावला, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले. साहेब नाडा कापताहेत, मुख्याध्यापक नारळ धरून उभे आहेत, कडेला मी, माइक हातात, तोंड उघडं. समितीला वही फार आवडली. 'सचित्र नोंदी' असा शेराही मिळाला. मार्चमध्ये प्रशस्तिपत्र आलं. ते घ्यायला मी धाराशिवला गेलो, नवा सदरा घालून. मुलगी तोपर्यंत टाकीकडं फिरकायची बंद झाली होती. जूनमध्ये ती मोठ्या शाळेत गेली. जाताना सगळी मुलं पाया पडली, तीही पडली. नियमाप्रमाणं.

काचेच्या टाकीत आता लेझीम ठेवतो. वही माझ्या कपाटात आहे. मध्यंतरी मी तो फोटो सोडवायचा प्रयत्न केला. गरम पाण्याचा बोळा फिरवला, ब्लेड सरकवलं. अर्धा फोटो निघाला, साहेब निघाले, मुख्याध्यापक निघाले. मी निघालो नाही, माझा तुकडा कागदाला घट्ट बसलाय. पण अक्षर वाचता येतं. तिचं अक्षर चांगलं आहे आणि नियम पाळून लिहिलंय. वाटलं असं त्यात एकही वाक्य नाही.

'१०.०० पिंपावर खण बांधला. १०.४० खण आतून हलतो आहे. ११.०० खूप हलतो आहे. सरांना सांगितले. सर म्हणाले, जा. ११.३० खण हलायचा थांबला. सरांना सांगितले. सर म्हणाले, जागेवर बस.'

खाली लाल पेनानं माझी समारंभानंतरच्या सोमवारची सही आहे. रोजच्यासारखी, न वाचता केलेली. आणि सहीच्या वर, माझ्याच हातचं: 'छान. असेच लिहीत जा.'